तळ्याकाठची शपथ

आमच्या घरात कुणी सहज "चला, जरा गाडीतून फिरून येऊ" म्हटलं की माझी आई आजही विचारते, "कुणाच्या घरी?" माझ्या मुलांना वाटतं, आजीला ऐकू कमी येतं म्हणून ती भलतंच विचारते. काही कमी येत नाही. शेजारच्या फ्लॅटमधलं भांडण तिला शब्दन् शब्द ऐकू येतं. हा प्रश्न भूकंपाच्या सालातला आहे आणि तो तिनं इतकी वर्षं जपून ठेवलाय. त्या साली दसरा होऊन गेल्यावर आणि दिवाळी यायच्या आत अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, आम्हाला जीपमध्ये घालून कंधारकडची तळी दाखवायला नेलं होतं. तळी मी पाहिली. पण ती एकदा पाहून भागलं नाही, दोनदा जावं लागलं, त्याची ही गोष्ट.

लातुरात आमचं घर पडलं नव्हतं. पडली ती गावं खाली औशाकडं, किल्लारीच्या अंगाला, आणि तिकडून जे ट्रक येत होते त्यांच्याकडं बघायची आमची कुणाची छाती नव्हती. आमच्या भिंतींचे नुसते पोपडे उडाले. पण आईनं भूकंपाच्या पहाटेपासून छपराखाली झोपायचं सोडलं ते सोडलंच. अंगणात लिंबाखाली ताडपत्री बांधली, तीन दगडांची चूल मांडली आणि आमचा संसार बाहेर आला. स्वयंपाकघरात ती जायची ती चोरासारखी. धावत आत, पिठाचा डबा उचलला, धावत बाहेर. पिठलं, ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, एवढ्यावर आमचं चाललं होतं. तळणीचं नाव नाही, कारण तेल उकळतंय आणि जमीन हलली तर? आणि उशाशी तिचा तो मनोरा. एका पितळी ताटात पेल्यावर पेला असा रचायचा; जमीन जराशी हलली की पेले आधी वाजणार आणि आपण जागे होणार. तेव्हा गल्लीत घरोघर असे मनोरे होते. "अगं, आपण आधीच अंगणात आहोत, जागं होऊन पळायचं कुठं?" असं अण्णा तिला चिडवायचे. ती म्हणायची, "तुम्हाला काय कळतंय, झोपा गप." मांजर उडी मारून गेलं तरी पेले खणखणायचे आणि सगळी गल्ली उठून बसायची. आई रात्रभर त्या पेल्यांकडं बघत पडायची आणि दिवसा भाकरी थापता थापता पेंगायची.

अण्णांचं दुखणं वेगळं होतं. ते शाळेत रसायनशास्त्र शिकवायचे. लातुरात क्लासचं पीक तेव्हा नुकतंच तरारून वर आलं होतं. खेड्यापाड्यांतली पोरं ट्रंका घेऊन स्टँडवर उतरत होती, आणि ज्याच्याकडं जास्तीची खोली तो खोलीमालक, ज्याच्या बायकोच्या हाताला चव तो मेसवाला. अण्णांनीही शाळेची नोकरी सोडली, आडत बाजारात एका गोदामावरचा माळा भाड्यानं घेतला आणि अकरावी-बारावीची पोरं जमवली. दिवसा तिथंच वर्ग, रात्री तिथंच सतरंज्या. तुरीच्या आणि गोणपाटाच्या वासात पोरं समीकरणं घोकत झोपायची. भूकंपाच्या पहाटे ती जिन्यावरून अक्षरशः गडगडत खाली आली, कुणी चपलेविना, कुणी चष्म्याविना, आणि मिळेल त्या एस.टी.नं आपापल्या गावी गेली. माळा रिकामा झाला. दिवाळीनंतर पोरं परत आली नाहीत तर अण्णांचा क्लास बुडणार होता, आणि सोडलेली नोकरी काही शाळेनं त्यांच्यासाठी झाकून ठेवली नव्हती. हे मला कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही. अण्णा अंगणात ज्या येरझाऱ्या घालायचे त्यावरून कळत होतं.

त्यात माळ्याच्या मागच्या भिंतीला भेग पडली होती. जिथं पोरांच्या उशा यायच्या, नेमकी तिथं. वरून खाली तिरकी, माझी करंगळी आत जाईल एवढी. एक दिवस अण्णा मला तिथं घेऊन गेले, काखेत मूलद्रव्यांचा मोठा तक्ता. म्हणाले, "नंदा, खळ शिजव." मी स्टोव्हवर मैद्याची खळ शिजवली, आणि आम्ही दोघांनी मिळून तो तक्ता भेगेवर चिकटवला. हायड्रोजन एका कोपऱ्यात, हेलियम दुसऱ्या कोपऱ्यात, आणि भेग मधे कुठंतरी गायब. "डागडुजी नंतर बघू," अण्णा म्हणाले. "पोरं यायच्या आधी का नंतर?" मी विचारलं. "तोंड कमी चालव," ते म्हणाले. माझं तोंड तेव्हाही जरा जास्तच चालायचं.

मग एके दिवशी अण्णांनी जाहीर केलं, की आईला हवापालट पाहिजे, आपण सहलीला जायचं. जीप याकूबचाचांची. याकूबचाचा अण्णांचे शाळेपासूनचे दोस्त; त्यांच्या आजोबांचे टांगे होते, वडिलांचं सायकलचं दुकान, आणि चाचांचं स्टँडमागं गॅरेज. आई घरातून निघायला तयार नव्हती. चाचांनी बॉनेटवर हात मारला आणि म्हणाले, "भाभी, फिकर नक्को करो. हिला ना भिंत ना स्लॅब. हलली तर समजायचं रस्ता खराब हाय." आई कितीतरी दिवसांनी हसली. पहाटे उठून तिनं धपाटे केले, दह्याचा डबा फडक्यात बांधला, ठेचा घेतला, अंथरुणाची वळकटी घेतली, आणि तो पेल्यांचा मनोराही ताटासकट मांडीवर घेऊन बसली. "अगं, ते कशाला?" अण्णांनी कपाळाला हात लावला. "असू द्या," ती म्हणाली. जीप चालू झाली आणि पेल्यांनी जो खणखणाट सुरू केला तो शिरूर ताजबंदपर्यंत थांबला नाही. तिथं चाचांनी चहा प्यायला गाडी थांबवली, आईच्या मांडीवरून ताट हळूच उचललं आणि पेले ताटासकट वळकटीत कोंबले.

जळकोटच्या वाटेला लागलो आणि डोंगर सुरू झाले. त्या वर्षी पाऊस उशिरापर्यंत रेंगाळला होता. बांधाबांधाला तरवड पिवळाजर्द फुलला होता, उतारावर कारळाची शेतं तशीच पिवळी, मधे कुरडूचे गुलाबी-पांढरे तुरे, आणि दर वळणावर खाली कुठंतरी पाणी चमकायचं. पाझर तलाव, गावतळी, सगळी काठोकाठ. सीताफळाच्या झाडांखाली पोरं पाट्या घेऊन बसलेली. हे मी आज सांगतेय, पण त्या दिवशी यातलं मला निम्मंही दिसलं नाही. जळकोटच्या अलीकडं एका वस्तीवर अण्णा एकदम म्हणाले, "याकूब, इथं घे जरा. पाणी पिऊ." पाणी प्यायला गेलो ते घर क्लासमधल्या एका पोराचं निघालं. पोराचे आजोबा बाजेवरून उठले, चहा झाला, आणि अण्णा म्हणाले, "मग, कधी पाठवताय? भिंतीबिंती सगळ्या बघून घेतल्यात आपण." मग आईकडं हात करून, "भीती असती तर मंडळींना घेऊन असा फिरायला निघालो असतो का?" आजोबांनी आईकडं बघितलं. आईनं पदर सावरला. तिला अजून काही उमगलं नव्हतं. मला उमगलं होतं.

जांबच्या पुढं दुसरं घर. पुन्हा पाणी. या वेळी अण्णांच्या तोंडून इंजिनियर निघाला. "इंजिनियर आणून दाखवला. हातोडा मारून बघितली त्यानं भिंत. खणखणीत!" आईनं माझ्या मनगटाला धरलं. "कोण इंजिनियर गं?" ती माझ्या कानात म्हणाली. मी म्हटलं, "मला काय माहीत." तिनं मनगट सोडलं नाही. जीपमध्ये बसल्यावर चाचांनी आरशातून एकदा अण्णांकडं बघितलं, अण्णांनी खिडकीतून बाहेर बघितलं, आणि कंधारपर्यंत कुणी बोललं नाही. एरवी चाचा म्हणजे अखंड बडबड. ते गप्प बसले की समजायचं, मामला बिघडलाय.

कंधारचा किल्ला मागं टाकून आम्ही एका मोठ्या तळ्याच्या बांधावर जेवायला उतरलो. पाणी एवढं पसरलेलं की पलीकडचा काठ धुरकट दिसत होता. बगळे काठाला उभे, सांडव्यावरून पाणी पडल्याचा आवाज, आणि आईनं चिंचेखाली सोडलेलं धपाट्यांचं फडकं. सगळं इतकं सुरेख होतं की मला रडू येत होतं. आईनं अण्णांच्या हातावर धपाटा ठेवला आणि शांतपणे विचारलं, "मला फिरवायला आणलंत, का दाखवायला आणलंत?"

"दोन्ही होतं की एका फेरीत," अण्णा म्हणाले.

"म्या यडी झाले न्हाई, हे दाखवून राहिलात लोकांना? का भिंत धड हाय म्हणून सांगून राहिलात?"

चाचा लगेच डबा घेऊन रेडिएटरला पाणी आणायला तळ्याकडं उतरले. रेडिएटर भरलेला होता, मला माहीत होतं. अण्णांनी धपाटा तसाच फडक्यावर ठेवला. "ऐक," ते म्हणाले, "दिवाळीनंतर ही पोरं आली नाहीत तर दुसऱ्या क्लासला जातील. मग मी काय करायचं? कुणाच्या दारात उभं राहायचं? एकदा पोरं येऊ दे, सुट्टीत सगळी भिंत उतरवून बांधतो." आई म्हणाली, "आणि सुट्टीच्या आत पडली तर?" अण्णा चिडले. "पडत नाही! इतके धक्के बसले, पडली का?" आईनं दह्याचा डबा बंद केला. तिच्या हातचे ते धपाटे, एरवी मी चार-चार खाणारी, त्या दिवशी एकही गेला नाही. बगळे उडाले तेव्हा आम्ही तिघंही दचकलो.

शेवटचं घर त्याच तळ्याच्या काठाला होतं. व्यंकट नावाचा मुलगा, क्लासमधला सगळ्यात हुशार. अण्णा त्याच्याबद्दल घरी इतकं बोलायचे की मला त्याचा मत्सर वाटायचा. हा परत आला तर त्याच्यामागं या भागातली बाकीची पोरंही येतील, असा अण्णांचा हिशेब होता. व्यंकटची आई अंगणात तुरीच्या काड्यांचा झाडू बांधत होती. हाडकुळी, कपाळावर मोठं गोंदण, आवाज मोकळा. तिनं आम्हाला घोंगडी टाकून बसवलं, पाटीभर सीताफळं पुढं ठेवली. व्यंकट दाराला टेकून उभा राहिला. त्याला यायचं होतं, ते त्याच्या डोळ्यांतच दिसत होतं. अण्णांनी सगळं म्हणून दाखवलं. भिंत, हातोडा, इंजिनियर. बाई ऐकत राहिली. मग म्हणाली, "गुर्जी, माझी धाकली भन तिकडं औश्याच्या खाली दिलती. तिचं घर बी पक्कंच व्हतं. माळवदाचं, वर हातभर माती. लई गुमान होता तिला त्या घराचा." एवढं बोलून तिनं झाडूची गाठ दातानं ओढून घट्ट केली. "आमाला एकच लेकरू हाय."

अण्णा थांबले असते तर तिथंच सगळं मिटलं असतं. पण माणूस एकदा उताराला लागला की लागला. ते म्हणाले, "अहो, ही माझी लेक. नंदा. ही सुद्धा तिथंच निजते, त्याच भिंतीला उशी करून. माझ्या एकुलत्या एका पोरीला मी निजवीन का उगाच?"

मी आईकडं बघितलं. आम्ही लिंबाखाली निजत होतो. माळ्यावर मी एकही रात्र काढली नव्हती.

बाई उठली, माझ्यासमोर आली आणि माझ्या हनुवटीला धरून माझं तोंड वर केलं. मी खरं बोलेन असं तिला वाटलं असावं. माझं एवढं चालणारं तोंड, पण त्या घडीला मी डोळे मिटून घेतले. ती वळून अण्णांना म्हणाली, "मग हिच्या डोक्यावर हात ठिवा, गुर्जी, आन् ह्येच सांगा. म्या पाठवते पोराला. आजच पाठवते तुमच्या जीपमदी."

आमच्याकडं लेकराच्या डोक्यावर हात ठेवून घेतलेली शपथ म्हणजे चेष्टा नसते. ती खोटी निघाली तर त्या लेकराला भोवते, हे मानून चालणारी माणसं आम्ही, अण्णा सोडून. अण्णा शपथांची टिंगल करायचे. "शपथ घेतल्यानं आम्लाचं अल्कली होतं का?" असं वर्गात विचारायचे आणि पोरं हसायची. त्यामुळं त्यांना ते सोपं गेलं असेल, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले. पण मी अगदी जवळून बघितलंय, सोपं नव्हतं. त्यांचा हात माझ्या डोक्यावर आला तेव्हा तो घामानं ओला होता. "माझी पोर त्याच भिंतीखाली निजते," ते म्हणाले. मला त्यांचा संताप आला, भीती वाटली, आणि त्याहून वाईट म्हणजे त्यांची कीव आली. बाईनं मान हलवली, "बास. झालं," म्हणाली आणि व्यंकटची ट्रंक भरायला आत गेली. तेवढ्यात व्यंकटचे वडील शेतातून आले आणि म्हणाले, अमावास्या झाल्यावर पाठवू, घाई नाही. त्या माणसाचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही.

परतीच्या वाटेवर आई रडली नाही, भांडली नाही. अण्णा एक-दोनदा म्हणाले, "ते बघ, किती मोठं तळं," आणि कुणी बघितलं नाही. दिवेलागणीला लातुरात शिरलो, चाचा गाडी आमच्या गल्लीकडं वळवायला लागले, तशी आई म्हणाली, "याकूबभाई, आडत बाजारात घ्या." चाचांनी अण्णांकडं बघितलं. "त्यांच्याकडं काय बघताय? घ्या म्हणते ना." चाचांनी गुपचूप गाडी वळवली.

गोदामापाशी आईनं वळकटी काखेत मारली, मला हाताला धरलं आणि जिना चढली. जी बाई पिठाचा डबा घ्यायला सुद्धा छपराखाली थांबत नव्हती ती त्या अंधाऱ्या माळ्यावर गेली, दिवा लावला, मागच्या भिंतीपाशी, बरोबर त्या तक्त्याखाली, सतरंजी पसरली, त्यावर गोधडी, आणि उशाशी ताटात पेल्यावर पेला रचायला लागली. मनोरा दोनदा कोसळला, तिनं तो पुन्हा रचला. अण्णा धावत वर आले. "हे काय चालवलंयस? खाली चल!"

"का? भिंत पक्की हाय ना?"

"अगं, वेडी का काय तू? खाली चल म्हणतो ना!"

"तुम्ही लेकराच्या डोक्यावर हात ठेवून बोललात. पोर त्या भिंतीखाली निजती म्हणून." आई गोधडीवर बसली आणि मला ओढून शेजारी बसवलं. "आता ते खोटं ठरू द्यायचं का? तिला भोवू द्यायचं का? आजपासून आम्ही दोघी हितंच निजणार. रोज."

"शपथ-बिपथ मी मानत नाही, तुला माहीत आहे!"

"तुम्ही मानत न्हाई. त्या बाईनं मानली. म्या मानली. मानत नव्हतात तर हात का ठेवला?"

अण्णांनी एकदा माझ्याकडं, एकदा तक्त्याकडं बघितलं. तक्त्याचा वरचा कोपरा सुटला होता, माझी खळ पातळ झाली असावी. हायड्रोजन लोंबत होता आणि त्यामागून भेगेचं टोक दिसत होतं. मला कळत होतं, आईचं म्हणणं अजब आहे. मला वाचवायला ती मलाच भेगेखाली निजवत होती. आणि तरीही त्या दोघांत कुणाचं डोकं ठिकाणावर आहे, असं कुणी विचारलं असतं तर मी आईकडंच बोट दाखवलं असतं. मी आडवी झाले. भिंतीचा गारवा कानाला लागत होता.

तेवढ्यात ताटातले पेले वाजले. आधी बारीक, मग जोरात, आणि वरचा पेला घरंगळून खाली पडला. आईनं माझ्या अंगावर स्वतःला झोकून दिलं, पण तिच्याही आधी अण्णांनी माझा दंड पकडला होता. त्यांनी आम्हा दोघींना जे फरफटत जिन्यापर्यंत नेलं, त्यात माझा गुडघा सोलून निघाला, आईची चोळी खांद्यावर फाटली. आम्ही जिन्याच्या पायरीवर एकमेकांवर पडलो. खालून चाचांचा आवाज आला, "काय नाय, काय नाय! ट्रक होता, तुरीचा!" गोदामासमोरून भरलेला ट्रक गेला होता. भिंत जागच्या जागी होती. अण्णा धापा टाकत होते. त्यांनी माझा दंड अजून सोडला नव्हता आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मी त्यांना त्याआधी कधी रडताना पाहिलं नव्हतं.

मग ते उठले, आत गेले आणि त्यांनी तो तक्ता टरटर फाडून काढला. "झालं तुझ्या मनासारखं?" ते म्हणाले, पण आवाजात राग नव्हता. आई म्हणाली, "न्हाई झालं. शपथ अजून हाय. जिच्यापुढं घेतली ती 'सुटली' म्हणेल तवाच ती सुटंल." अण्णा म्हणाले, "उद्या जाऊ." खालून चाचा ओरडले, "मास्तर, डिझेल आत्ताच भरून ठेवू का?"

दुसऱ्या दिवशी तीच जीप, तीच वाट. पण त्या दिवशीची सहल मला आजही पाठ आहे. आई बाहेर बघत होती. जळकोटच्या घाटात तिनं गाडी थांबवायला लावली, तरवडाची फुलं ओटीत घेतली आणि म्हणाली, "काल बी होती का ही इतकी?" पहिल्या घरी अण्णा आजोबांपुढं उभ्यानंच बोलले, "भिंतीला भेग आहे. मी काल खोटं बोललो." आजोबा म्हणाले, "बसा तर खरं, सर," आणि पुन्हा चहा आला. दुसऱ्या घरी चहा आला नाही. पोराचा बाप म्हणाला, "इंजिनियर बी खोटा का?" अण्णा म्हणाले, "हाव." मी त्यांच्या तोंडून 'हाव' कधी ऐकलं नव्हतं, ते नेहमी शुद्ध बोलायचे. जीपमध्ये बसल्यावर त्यांनी घाम पुसला आणि चाचा म्हणाले, "चलो, अभी एकच राहिलं." तेच एक अवघड होतं.

व्यंकटच्या आईनं ऐकून घेतलं. अण्णा खाली मान घालून बोलत होते: भेग कुठं आहे, तक्ता कसा लावला, पोर कुठं निजते, सगळं. तळ्यावरून वारा येत होता आणि अंगणातली पाखडलेली फोलपटं आमच्या पायांवर उडत होती. मला वाटलं, आता बाई शिव्या देणार. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "काल पोरगं जीपमदी बसलं असतं, गुर्जी." एवढंच. अण्णांनी हात जोडले. आई पुढं झाली, मला तिच्यासमोर उभं केलं आणि म्हणाली, "बाई, माझ्या लेकराची तेवढी सोडवा." बाईनं आपला खरखरीत तळवा माझ्या डोक्यावर ठेवला आणि मोठ्यानं, तळ्याकडं तोंड करून म्हणाली, "सुटली!" आईनं तिथंच जमिनीवर बसकण मारली. बाई तिला म्हणाली, "पोराला म्या पाठवत न्हाई. पण जेवल्याबिगर जायचं न्हाई." आम्ही जेवलो. भाकरी, अंबाडीची भाजी, वरून कच्चं तेल. आई तिथं त्यांच्या माळवदाच्या घरात, छपराखाली, भिंतीला टेकून जेवली आणि जेवता जेवता तिचा डोळा लागला. कुणी तिला उठवलं नाही.

व्यंकट त्या वर्षी आला नाही. अण्णांनी माळा सोडला आणि आमच्याच अंगणात, लिंबाखाली, मांडव घालून जी थोडीफार पोरं आली त्यांना शिकवलं. क्लास कधी मोठा झाला नाही. आता लातुरात पायलीला पन्नास क्लास, भिंती भरून पहिल्या आलेल्या पोरांचे फोटो, आणि त्यात अण्णांचं नाव कुणाला ठाऊक नाही. आडत बाजारातली ती भिंत मात्र पडली नाही, हेही सांगून टाकते. रस्ता रुंद झाला तेव्हा माणसं लावून पाडावी लागली. अण्णा तिथून जाताना म्हणायचे, "बघ, उभीच होती." आणि आई म्हणायची, "आपण शपथ सोडवून आणली म्हणून."

लातुरात शिकूनही मी डॉक्टर झाले नाही. बारावीनंतर औषधशास्त्र शिकायला नांदेडला निघाले, तेव्हा सोडायला जीप याकूबचाचांचीच होती. वसतिगृहाच्या खोलीत अण्णा ट्रंक ठेवण्याआधी चारी भिंतींपाशी गेले, बोटांच्या पेरांनी ठोकून बघितल्या, पलंग ओढून मागं बघितलं, भिंतीवरचं जुनं कॅलेंडर उचलून त्याच्याही मागं बघितलं. खोलीतल्या दुसऱ्या मुली तोंडावर हात ठेवून हसत होत्या आणि मी शरमेनं लाल झाले होते. निघताना मी वाकून नमस्कार केला. आशीर्वाद द्यायला अण्णांचा हात वर आला आणि माझ्या डोक्यापाशी येऊन तसाच थांबला. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की त्या तळ्यानंतर त्यांनी माझ्या डोक्याला कधी हात लावला नव्हता. परीक्षेला जाताना नाही, दिवाळीच्या अभ्यंगाला नाही, तापात सुद्धा नाही; कपाळ बघायचं तर आईला हाक मारायचे. हात तसाच अधांतरी होता. दारात उभी असलेली आई म्हणाली, "ठेवा की. सुटलीय ती."

अण्णांनी हात ठेवला. खाली चाचा हॉर्न वाजवत राहिले, तरी त्यांनी तो काढला नाही.